उभ्याने घेतलेले माप

सुज्ञ वाचकहो, पुढील पानांत मी एका श्रीमंत घरातील मुलीची हकीकत सांगणार आहे. ती आमच्या दुकानात कशी आली, तिने काय नाकारले, आणि ती नाकारत असताना माझ्या हातून कोणती चूक घडली, हे सर्व मी क्रमाने व काहीही न लपवता लिहीन. त्या चुकीवाचून ही हकीकत पुरी होत नाही, आणि चूक माझी आहे, म्हणून लेखणीही मीच उचलली आहे. माझे शिक्षण सातवीत थांबले. तथापि गेली चाळीस वर्षे दुपारच्या सुट्टीत हाताला लागेल ते पुस्तक मी वाचत आलो आहे, त्यामुळे आपल्याला वाक्य उभे करता येते असा माझा समज आहे. ते कुठे लंगडले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. लंगडणाऱ्यांना सांभाळणे हा आमचा धंदाच आहे.

आमचे दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे रस्त्याकडे दार, मागे एक खिडकी, आणि दोन्ही भिंतींवर छतापर्यंत फळ्या. त्या फळ्यांवर लाकडी पाय मांडलेले आहेत. त्यांना आम्ही फर्मे म्हणतो. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायासारखा हुबेहूब कोरलेला ठोकळा. त्यावर चामडे ताणून बूट बांधला जातो. बाजारातल्या बुटांना नंबर असतात. सहा, सात, आठ. आमच्याकडे नंबर नाहीत. ज्याचा एक पाय आखूड आहे, ज्याची बोटे यंत्रात गेली आहेत, जिचा पाय आजारपणात सुजून कायमचा बदलला आहे, अशी माणसे आमच्याकडे येतात. माणूस असेतो त्याचे फर्मे फळीवर राहतात. माणूस गेला की ते घासूनपुसून आम्ही घरच्यांना नेऊन देतो. बहुतेक लोक ते जवळ ठेवून घेतात.

दुकानात आम्ही दोघे. मी लाकूड कोरतो व बूट बांधतो. मला सगळे मास्तर म्हणतात. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाच्या कानाला हा शब्द गोड लागतो आणि थोडा टोचतोही. चामड्याची शिलाई करतात त्या मशीनमावशी. त्यांची जीभ मशीनच्या सुईइतकीच वेगाने चालते, आणि तिला तेलसुद्धा लागत नाही.

एका सकाळी दाराशी लांबलचक मोटार थांबली आणि चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी आत आली.

"कुणासाठी करायचेत बूट?" मावशींनी मशीन न थांबवता विचारले.

"बूट नकोत. मला शिकायचंय."

"काय शिकायचंय?"

"हे." तिने फळ्यांकडे बोट दाखवले.

मावशींनी तिच्या पायांकडे पाहिले. आमच्या धंद्यात माणसाचे तोंड नंतर पाहतात. "पायातले कुठून घेतलेस?"

"आमच्याच कारखान्यातले आहेत."

मशीन थांबली. वाचकहो, आमच्या दुकानातले खिळे, दोरे, मेणाच्या वड्या, सर्व काही बुटांच्या रिकाम्या खोक्यांत ठेवलेले असते, आणि त्या सर्व खोक्यांवर एकाच कारखान्याचे नाव आहे. अर्धे शहर त्यांचे बूट घालते. मावशींनी एक खोके उचलून तिच्यापुढे धरले. "हे तुमचं नाव?"

"हो."

"मग बाई, तुमच्या घरी आमच्या या एवढ्याशा खोल्या पंचवीस मावतील. इकडे कुठे वाट चुकलात?" मावशी एकदम 'अहो-जाहो'वर गेल्या, आणि ते काही आदराने नव्हे.

मुलगी रागावली नाही. ती म्हणाली, "कारखान्यात मला एक खोली दिलीय. काचेची. टेबल आहे, खुर्ची आहे, दारावर नाव आहे. मागच्या महिन्यात मी मुद्दाम नऊ दिवस तिकडे फिरकलेच नाही. दहाव्या दिवशी गेले तर टेबलावर ताजी फुलं, पाण्याचा ग्लास भरलेला. कुणी विचारलंसुद्धा नाही, बाई, होतीस कुठे. मास्तर, तुम्ही नऊ दिवस आला नाहीत तर काय होईल?"

"पहिल्याच दिवशी लोक माझ्या घरी येऊन दार वाजवतील," मी म्हणालो, आणि ते खरे होते.

"मला तसं काम पाहिजे."

मी तिला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितले. मावशी म्हणाल्या, "आठ दिवस टिकली तर मी माझं नाव बदलीन." त्यांनी अद्याप बदललेले नाही, याची मी त्यांना अधूनमधून आठवण देतो.

पहिले तीन महिने तिने लाकूड घासले. तिच्या हातांना फोड आले, ते फुटले, त्या जागी घट्टे आले. मोटार तिने दुसऱ्याच दिवशी परत पाठवली आणि ती पायी येऊ लागली. चौथ्या महिन्यात मी तिला पहिले माप घेऊ दिले. गिऱ्हाईक पोस्टमन होता. अपघातात त्याच्या डाव्या पायाचा अंगठा गेला होता, त्यामुळे तो पाय चवड्यापाशी फाकला होता. मी खिडकीपाशी एका फर्म्यावर कानस घासत होतो. मान वर करून पाहिले नाही. तीन आठवड्यांत बूट झाले. शिलाई सुबक, टाच घट्ट. आठ दिवसांनी पोस्टमन ते काखेत मारून परत आला.

"बाई," तो म्हणाला, "बूट फार छान झालेत. बसून घालायला तर एक नंबर. पण काय आहे, टपाल बसून वाटता येत नाही."

मावशी इतक्या हसल्या की त्यांना मशीनवर डोके टेकावे लागले.

मी मुलीला विचारले, "माप कसं घेतलंस?"

"बसवून. आमच्या शोरूममध्ये असंच घेतात. सोळाव्या वर्षापासून दर सुट्टीत बाबा मला काउंटरवर उभं करायचे. गिऱ्हाईक आलं की आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग गुडघ्यावर बसून माप घ्यायचं."

मी एक कागद जमिनीवर अंथरला, तिला स्टुलावर बसवून कागदावर पाय ठेवायला लावला आणि भोवती पेन्सिल फिरवली. मग तिला उभे केले आणि त्याच ठिकाणी पुन्हा पेन्सिल फिरवली. दुसरी रेघ पहिलीच्या सगळीकडून बाहेर गेली होती. कुठे नखभर, कुठे त्याहून जास्त. बसलेल्या पायावर अंगाचा भार नसतो. तो आक्रसून, आरामात असतो. उभा राहिला की पसरतो, लांब होतो, खरा होतो. तिने त्या दोन रेघांमधल्या फटीवरून बोट फिरवले.

"म्हणजे पन्नास वर्षं," ती सावकाश म्हणाली, "आम्ही सगळ्यांना बसवून माप घेतोय. आणि बूट चावला की सांगतो, घालून घालून सैल पडेल."

त्या दिवसापासून मावशींनी तिचे नाव 'शोरूम' ठेवले. तिने ते आनंदाने घेतले, म्हणून मीही पुढे तेच लिहितो. पोस्टमनचे बूट तिने स्वतः उसवून पुन्हा बांधले.

सहाव्या महिन्यात तिचे वडील दुकानात आले. त्यांना मी मालक म्हणेन. मध्यम उंची, पांढरे शुभ्र कपडे, आवाज कधी न चढणारा. दुकानात पाहुण्यांसाठी खुर्ची नाही. ते उभेच राहिले आणि त्यांनी फळीवरचा एक फर्मा हातात घेतला.

"हा कुणाचा?"

"बेकरीवाल्याचा," शोरूम म्हणाली. ती खाली बसून एका बुटाचा तळ ठोकत होती. तिने हातोडी ठेवली नाही.

"किती दिवस लागले?"

"अकरा."

"अकरा दिवसांत आपल्याकडे चव्वेचाळीस हजार जोड निघतात, बाळा."

"आणि त्यातला एकही आत्याला होत नाही."

 आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. लहानपणी ताप येऊन तिचा डावा पाय दोन बोटे आखूड राहिला व बाहेर वळला. शोरूमची आई लवकर गेली आणि मुलीला वाढवले ते या आत्याने, खुर्चीत बसून. हे सर्व मला शोरूमने पूर्वीच सांगितले होते. ती आमच्याकडे का आली, याचे खरे उत्तर काचेच्या खोलीत अर्धेच होते. उरलेले त्या खुर्चीत होते.

"ताईला काय कमी आहे?" मालक म्हणाले. "नोकर आहेत, मोटार आहे."

"बूट नाहीत. बुटांच्या कारखानदाराच्या बहिणीला बूट नाहीत. कुणाला सांगितलं तर हसतील, बाबा."

"एका माणसासाठी कारखाना थांबवू?"

"नका ना थांबवू. म्हणून तर मी इथे आहे."

मालकांनी फर्मा जागेवर ठेवला, मात्र उलटा. ते म्हणाले, "पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला कारखान्याला पन्नास वर्षं होतात. त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर तुला भागीदार करायचंय. कागद तयार आहेत. तुझं हे खूळ मी सहा महिने चालू दिलं. आता पुरे." मग ते माझ्याकडे वळून हसले. "मास्तर, तुम्हीच सांगा. बावीस वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला तुम्ही चालवाल? या खोलीत, या कानशीनं?"

त्या हसण्यात काही दुष्टपणा नव्हता. ते दया केल्यासारखे हसले. आणि मला तेच झोंबले. माझ्या तोंडून निघून गेले, "चालवीन!"

"दहा पावलं?"

"वीस!"

"दहाच चालू देत," मालक म्हणाले. "पंधरा तारखेला माझी बहीण सगळ्यांसमोर दहा पावलं चालली, तर मी मुलीला पुन्हा बोलावणार नाही. नाही चालली, तर मुलगी सही करेल. ठरलं?"

"ठरलं," मी म्हणालो.

ते गेल्यावर शोरूमने हातोडी खाली ठेवली. "मास्तर, तुम्ही का बोललात?"

"तो माणूस माझ्या कानशीला हसला."

"म्हणून मला पैजेवर लावलंत? मी काय कोंबडी आहे?"

मावशी म्हणाल्या, "पुरुष माणसं. एक मुलीची किंमत लावतो, दुसरा कानशीची."  

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे मालकांच्या घरी गेलो. दाराशी नोकराने माझी हत्यारांची पिशवी घेतली, फडक्याने पुसली आणि मग आत आणली. फरशीत माझा चेहरा दिसत होता. खिडकीपाशी उंच पाठीची, पितळी खिळ्यांची एक खुर्ची होती आणि तीत आत्याबाई बसल्या होत्या.

"या मास्तर," त्या म्हणाल्या. "बसा म्हणणार नाही. या घरात बसण्याचा मक्ता माझ्याकडे आहे."

"आत्या, मास्तर घाबरलेत. तू आणखी घाबरवू नकोस," शोरूम म्हणाली.

"ही खुर्ची बघताय ना? बावीस वर्षांपूर्वी भावानं माझं माप देऊन करून घेतली. हाताची उंची, पाठीचा बाक, सगळं माझ्या अंगाचं. तेव्हापासून भिंत धरून चालायचे तेही सुटलं. इतकी आरामाची आहे, की उठावंसंच वाटू नये." त्या हसल्या, पण खुर्चीकडे न पाहता. "खुर्ची माझ्या मापाची केली. बूट करायचं काही कुणाच्या डोक्यात आलं नाही."

आम्ही जमिनीवर जाड कागद अंथरला. शोरूमने त्यांना उठवले. आत्याबाई कागदावर आल्या, आणि दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. इतकी घट्ट की बोटांची पेरे पांढरी पडली.

"आत्या, हात…" शोरूमने सुरुवात केली.

मी तिच्याकडे पाहिले. ती गप्प झाली.

वाचकहो, इथे माझी चूक आहे. जो हातांनी काही धरून उभा राहतो, त्याचा निम्मा भार हातांवर असतो. तो उभा दिसतो, पण त्याचा पाय अजून बसलेलाच असतो. हे मला माहीत होते. चाळीस वर्षांत मी शेकडो माणसांना सांगितले आहे, "हात सोडा." हमालाला सांगितले आहे, शिक्षिकेला सांगितले आहे, एका पोलिसालाही दरडावून सांगितले आहे. पण ती चकचकीत फरशी, भिंतीवरच्या त्या मोठमोठ्या तसबिरी, आणि पुसून आत आलेली माझी पिशवी! मोठ्या घरच्या बाईंना 'हात सोडा' म्हणण्याची माझी छाती झाली नाही. मी पेन्सिल फिरवली. ज्या मुलीला उभ्याचे माप घ्यायला मी शिकवले होते, तिला मीच डोळ्यांनी गप्प केले.

पुढे काम जोरात झाले. शोरूमने दोन्ही फर्मे स्वतः कोरले. डावी टाच तिने बुचाचे थर एकावर एक चिकटवून उंच केली, आणि ती उंची बाहेरून दिसू नये म्हणून घोट्यापर्यंतचा बूट केला. मावशींनी कातडे असे शिवले की टाका सापडू नये. रोज सकाळी दुकानात येण्यापूर्वी शोरूम घरी आत्याला भिंत धरून चालवायची. कच्चा बूट चढवून पाहिला तेव्हाही आत्याबाई खुर्ची धरूनच उभ्या होत्या. "मऊ आहे गं," त्या म्हणाल्या. मी समाधान मानले.

पंधरा तारखेला दिवाणखाना भरला होता. काका, मामे, त्यांची मुले, जावई, सगळे नवे बूट घालून आले होते आणि कुणालाच बूट कुठे चावत नव्हता. मध्ये लांब टेबल; त्यावर जाड कागद, शिक्के, आणि झाकण काढून ठेवलेले पेन. टेबलाशी वकील बसले होते. मी दाराशी उभा होतो. मावशी माझ्या मागे होत्या, आणि मला सतत कोपराने ढोसत होत्या.

आत्याबाई उठल्या. शोरूम त्यांच्यापुढे चार हात अंतरावर, पाठ वळवून नव्हे, तोंड करून उभी राहिली.

"ये."

आत्याबाईंनी खुर्ची सोडली. एक. दोन. कुणीतरी "अरे वा" म्हणाले. तीन. चार. त्यांच्या चेहऱ्यावर असे काही आले की मी त्याचे वर्णन करू शकत नाही. एवढेच लिहितो की मालकांनी मान खाली घातली. पाच. सहा. सातव्या पावलाला त्यांचा ओठ दाताखाली गेला. आठवे पाऊल पडले नाही. त्यांनी टेबलाची कड धरली आणि त्या थांबल्या. चेहरा कागदासारखा झाला होता.

"दुखतंय," त्या हळूच म्हणाल्या.

 मग मालक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद नव्हता हे मी नमूद करतो, "सात."

शोरूम खाली बसून आत्याचा बूट काढत होती. करंगळीच्या बाजूला लाल वळ उठला होता, जणू कुणी दोरी आवळली असावी. तिने माझ्याकडे पाहिले. तिला कळले होते, आणि मला कळले आहे हेही तिला कळले होते. ती मात्र एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर मी कदाचित सबबी सांगितल्या असत्या. ती बोलली नाही, म्हणून मला पुढे यावे लागले.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "बूट बरोबर आहे, माप खोटं आहे. बाई खुर्ची धरून उभ्या होत्या. मी त्यांना हात सोडायला सांगितलं नाही. मोठं घर पाहून मी भ्यालो. तुमच्या मुलीला ते दिसलं होतं. तिला मीच गप्प केलं."

"तुमचा प्रामाणिकपणा आवडला, मास्तर," मालक म्हणाले. "पण शब्द तो शब्द. ये बाळा, सही कर."

शोरूम उभी राहिली. तिच्या एका हातात आत्याचा बूट होता.

"नाही."

"पैज ठरली होती."

"पैज तुम्ही दोघांनी लावली, बाबा. मला कुणी विचारलं होतं? तुमचा आणि मास्तरांचा सौदा आहे, तुम्ही दोघं सही करा."

मागे मावशींनी तोंडावर हात दाबला, तरी आवाज आलाच.

"हसण्यावारी नेऊ नकोस. पैज हरली आहेस तू."

"हो, हरले. सातच पावलं झाली. म्हणून काय करू? बूट चुकला की तो उसवायचा असतो. तुम्ही म्हणताय, बूट चुकला, आता जाऊन खुर्चीत बस. बाबा, आत्याच्या बाबतीत तुम्ही हेच केलंत. तिला चालता येईना, तुम्ही खुर्ची आणलीत. आता मला आणलीय." तिने टेबलामागच्या, तिच्यासाठी मांडलेल्या नव्या खुर्चीकडे पाहिले. "माझ्या मापाची आहे, मला माहीतय. म्हणूनच मी तीत बसणार नाही. आत्या दहा पावलं चालली असती तरी नसते बसले आणि एकही चालली नसती तरी नसते बसले."

एक काका म्हणाले, "अगं, पण मग हे सगळं कुणासाठी उभं केलं तुझ्या वडिलांनी?"

"ते त्यांना विचारा, काका. मी कधी मागितलं नव्हतं."

"बाहेर एक दिवस निभणार नाही तुझा," मालक म्हणाले. प्रथमच त्यांचा आवाज चढला होता.

"सात महिने झालेत. तुम्ही मोजत नव्हतात."

तेव्हा मला माझे काम आठवले. वाचकहो, मी काही शूर माणूस नाही, पण त्या क्षणी मला त्या घराची भीती वाटेनाशी झाली. मी फरशीवरून चालत आत्याबाईंपुढे गेलो. त्या अजून टेबलाची कड धरून, एक पाय बुटात आणि एक उघडा, अशा उभ्या होत्या.

"दुसराही बूट काढा," मी म्हणालो, "आणि आत्याबाई, हात सोडा."

"पडेन हो मी."

"पडलात तर उचलू. हात सोडा."

शोरूमने दुसरा बूट काढला. तिने इकडेतिकडे पाहिले. "कागद पाहिजे."

कागद टेबलावर एकच होता, तेवढा मोठा आणि तेवढा जाड. तिने तो उचलला, पालथा केला आणि जमिनीवर ठेवला.

वकील ताडकन उठले. "अहो, तो दस्तऐवज आहे!"

"मग दुसरा छापा," आत्याबाई म्हणाल्या. "या घरात कागदाला कधीपासून तोटा आला?" आणि त्यांनी डावा पाय कागदावर ठेवला, उजवा त्याच्या शेजारी. मग त्यांनी टेबल सोडले. आधी एक हात, मग दुसरा. त्या डुलल्या. त्यांचे हात हवेत पसरले, तारेवर चालणाऱ्या माणसासारखे. पण त्या उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत प्रथमच त्यांचा सगळा भार त्यांच्या उघड्या पायांवर आला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो डावा पाय पसरला, नखभर, मग आणखी थोडा.

शोरूमने माझ्या कानावरची पेन्सिल ओढून घेतली आणि गुडघ्यावर बसली.  रेघ पुरी होईपर्यंत त्या खोलीत केवळ पेन्सिलीचा आवाज होता.

"झालं?" आत्याबाईंनी विचारले.

"झालं."

"मग मी बसू का?"

"बस की. पण साध्या स्टुलावर."

 मालकांनी वाकून आत्याबाईंना आधार देण्यासाठी हात पुढे केला. आत्याबाईंनी त्या हाताकडे क्षणभर पाहिले, आणि मग भाचीच्या खांद्यावर हात ठेवून त्या स्टुलाकडे गेल्या. आम्ही तिघे कागद गुंडाळून पायी दुकानात परत आलो. वाटेत मावशी म्हणाल्या, "शोरूम, घरातून तर निघालीस. झोपणार कुठे?" ती म्हणाली, "तुमच्याकडे." मावशी म्हणाल्या, "मी घोरते." ती म्हणाली, "तुमची मशीन ऐकायची सवय झालीय मला."

नवे फर्मे आणि त्यांवरचे बूट सव्वीस दिवसांत झाले. आत्याबाई किती पावले चालतात असे मला लोक विचारतात. आम्ही मोजणे सोडून दिले. मागच्या आठवड्यात त्या मोटारीने कोपऱ्यापर्यंत आल्या आणि कोपऱ्यापासून दुकानापर्यंत चालत, दमत, एकदा दिव्याच्या खांबाला धरून, मला दोन शिव्या घालत आल्या. आता त्या दर बुधवारी येतात. मावशींच्या शेजारी बसून दोऱ्याला मेण लावतात, आणि दोघींचे बोलणे ऐकून मला कान झाकून घ्यावेसे वाटतात.

मालक अजून रुसलेले आहेत. नवा कागद छापून झाला आहे. तो त्यांनी दोनदा पाठवला व दोनदा तो सहीविना परत गेला. एकदा ते स्वतः आले, दारातच थांबले आणि फळीवरच्या बहिणीच्या फर्म्यांकडे पाहत राहिले. शोरूम कानस चालवत म्हणाली, "बाबा, आत या ना. बसायला नाही, पण उभं राहायला भरपूर जागा आहे." ते आत आले नाहीत. पण लगेच गेलेही नाहीत.

आमच्याकडे आता जे गिऱ्हाईक येते, मग ते कितीही मोठे असो, त्याला शोरूम पहिले वाक्य सांगते, "हात सोडा." मी तिच्या शेजारी उभा राहून, ज्यांना ऐकू गेले नसेल त्यांच्यासाठी, तेच वाक्य पुन्हा म्हणतो.

ही हकीकत येथे पुरी होते. जिथे लिहिताना माझा तोल गेला असेल तिथे आपण वाचताना तो सांभाळलात, आणि एका कारागिराच्या चुकीसाठी आपल्या दिवसातला एवढा वेळ दिलात, त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

आपला,
मास्तर
(फर्मे कोरणारा)